हरणाशेजारची पट्टी

मी एक जुनी मापपट्टी आहे. लांबीला हातभर, रुंदीला दोन बोटे. माझ्या अंगावर एक काळा, एक पांढरा असे चौकोन रंगवलेले आहेत आणि एका टोकाला लाल रंगाचा एकच चौकोन आहे. डोंगरातल्या कातळांवर फार फार पूर्वीच्या माणसांनी चित्रे काढून ठेवली आहेत. त्या चित्रांचे फोटो घेताना मला त्यांच्या शेजारी उभे करतात, म्हणजे पाहणाऱ्याला चित्र केवढे आहे ते कळते. नाहीतर फोटोत मुंगी आणि हत्ती सारखेच.

मित्रांनो, आपली कहाणी सांगायला माझ्याहून लायक अशा पुष्कळ वस्तू जगात असतील. मी आयुष्यभर नुसती उभी राहिले, तीही दुसऱ्याच्या शेजारी. शिवाय माझ्या मनात मत्सर फार. मत्सरी माणसाजवळ कुणी बसत नाही, मग मत्सरी पट्टीजवळ कोण बसेल, ही शंका मला बोलायच्या आधीपासूनच आहे. तरी सांगते. कंटाळा आला तर मधेच उठून जा. मला त्याची सवय आहे.

माझा जन्म एका पेंटरमामांच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. मामा दुकानांच्या पाट्या रंगवत. त्यांची एक भाची होती आणि एक भाचा. भाची थोरली, तिला सगळे ताई म्हणत. ती चित्रे काढायची. भाचा फोटो काढायचा. ताई त्याला ‘धाकट्या’ म्हणायची, म्हणून मीही त्याला तेच म्हणते, जरी आता त्याच्या मिशा पिकल्या आहेत. डोंगरातल्या चित्रांची नोंद करून ठेवायची, असे काम दोघांनी मिळून अंगावर घेतले होते. त्यासाठी ताई पट्टी करून घ्यायला मामांकडे आली.

“मामा, टोकाला लाल रंग द्या. पण डब्यातला नको, गेरूचा द्या,” ती म्हणाली.

“गेरूचा? अगं, डब्यातला लाल बघ कसा चकाकतो.”

“चकाकतो आणि उन्हाने उडतो. डोंगरातली चित्रं गेरूची आहेत, उन्हावाऱ्यात इतकी वर्षं टिकली आहेत. पट्टीचा लाल त्याच जातीचा असला, तर फोटोतला रंग खरा उतरलाय की खोटा, ते पट्टीकडे बघून कळेल.”

“म्हणजे या वयात मला गुहेतल्या माणसाच्या हाताखाली उमेदवारी करायची,” मामा पुटपुटले. पण त्यांनी गेरू कुटला, फडक्यातून गाळला, जवसाच्या तेलात घोटला. एका जुन्या दाराच्या चौकटीचे लाकूड तासून त्यांनी मला घडवले आणि वाळायला दुकानाच्या दारात उभे केले. रस्त्याने जाणाऱ्या एका गृहस्थाने विचारले, “ही विकायची आहे का हो?” मामा म्हणाले, “नाही. ही डोंगरात जायची आहे.” त्यांच्या आवाजात इतका अभिमान होता, की मला वाटले, डोंगरात सगळे माझीच वाट पाहत असणार.

चित्रे होती त्या जागेला लोक ‘ओसरी’ म्हणत. डोंगराच्या पोटात एक मोठा कातळ घराच्या ओसरीसारखा पुढे आला होता आणि त्याच्या आडोशाने आतली भिंत पावसापासून वाचली होती. चढ असा की धाकट्याच्या तोंडून शब्द फुटेना. ताई मात्र पोचल्याबरोबर भिंतीपाशी गेली आणि तिथेच थांबली.

भिंतीवर एक हरीण होते. गेरूचे, लाल. पळता पळता मान मागे वळवून पाहणारे. पाठीपासून शेपटीपर्यंतची रेघ एका दमात ओढलेली. ताईने मला हातात धरले होते, आणि माझ्याच टोकाने तिने ती रेघ हवेत पुन्हा ओढून पाहिली.

त्या क्षणी माझ्या आत काहीतरी जळले. लाकडाने जळणे बरे नव्हे, हे मला कळते. पण खरे ते सांगते. माझ्या अंगावरची एकही रेघ कुणी कधी अशी हवेत ओढून पाहिली नव्हती.

धाकट्याने कॅमेरा लावला आणि त्याचे पहिले वाक्य माझ्याविषयीचे होते. “पट्टी जरा बाजूला घे ताई, शिंगांवर येतेय.”

तुम्ही म्हणाल, दगडावरच्या चित्राशी लाकडाच्या पट्टीचे कसले आले वैर? परका असता तर मीही सोडून दिले असते. पण त्याच्या अंगावर गेरू आणि माझ्याही अंगावर गेरूच. एकाच मातीतली आम्ही दोघे. तो थोरल्या घरचा लाडका, मी धाकट्या पातीतली पोरकी. मित्रांनो, ही भाऊबंदकी होती, आणि भाऊबंदकीइतका जुना आजार माणसांतही नाही.

त्या दिवशी धाकट्याने दोन फोटो घेतले. पहिला कोरड्या भिंतीचा. त्यात हरीण जसे होते तसे आले, जरा मंद. मग त्याने पाण्याची बाटली काढली आणि भिंतीवर बारीक फवारा मारला. ओल्या कातळावर हरीण एकदम उजळले. जणू आत्ताच कुणी रंगवून हात धुवायला गेले आहे.

“बघ ताई, कसं उठून दिसतंय,” धाकटा म्हणाला.

“पाण्याने काही बिघडणार नाही ना रे?”

“पाणीच तर आहे. साबण थोडाच लावतोय?”

त्या काळी या कामातली बहुतेक माणसे असेच करायची. आधी कोरडा फोटो, मग ओला. कोरडा बाजूला पडायचा आणि ओला छापला जायचा. आम्हाला वाट दाखवायला एक तरुण वाटाड्या आला होता. तो धाकट्याच्या बाटलीकडे आणि भिंतीकडे आळीपाळीने पाहत राहिला. हे त्याच्या मनात पक्के बसले.

पुढे पुस्तक निघाले. मुखपृष्ठावर ओले हरीण आणि खाली धाकट्याचे नाव. मी स्वतःला शोधले. माझा एक काळा चौकोन तरी कडेला राहिला असेल, असे मला वाटत होते. कापणाऱ्याने मला साफ कापून टाकले होते. ताईने हरणाची, शिकाऱ्यांची, हाताच्या पंजांची कितीतरी चित्रे नजरेने मोजून काढली होती. ती शेवटच्या पानांवर बारीक करून लावली होती. लोक घरी येत, पुस्तक चाळत आणि धाकट्याला म्हणत, “काय फोटो आहे!” ताई आतून चहा घेऊन येई. धाकटा सांगे, “हिची खूप मदत झाली.” चहाचा कप ठेवताना ताईचा हात थोडा जोरात आपटे. ते फक्त मला ऐकू येई, कारण मी त्याच टेबलावर होते.

तरी ती आमची कामाची वर्षे होती. ऊन असो, वारा असो, मी शेकडो चित्रांशेजारी उभी राहिले. बैल पाहिले, मासे पाहिले, हात धरून नाचणारी माणसे पाहिली. प्रत्येकाचा थोडाथोडा मत्सर केला. पण ओसरीतल्या हरणाची सर कुणालाच नव्हती. त्यामुळे मत्सराचा मोठा वाटा त्याच्यासाठीच राखून ठेवला होता.

मग स्कॅनर आला. त्याला पट्टी लागत नाही. तो स्वतःच भिंतीवर प्रकाश फिरवतो आणि स्वतःच मापे घेतो. धाकट्याने तो उराशी धरून आणला. मला कुणी निरोपही दिला नाही. मी ताईच्या कामाच्या खोलीत कपाटामागे गेले. काही दिवस खिडकीला टेकू म्हणून उभी राहिले. एकदा पलंगाखाली गेलेली चप्पल माझ्याकडून ओढून काढली. कुणी पाहुणे आले तर माझ्याने पाठही खाजवत. मित्रांनो, ज्या पट्टीने हजारो वर्षांची मापे घेतली, तिने एका पाहुण्याची पाठ खाजवावी, याला काय म्हणावे? पाहुण्यांना मात्र बरे वाटले असावे. ते पुन्हा पुन्हा मला शोधत.

एक दिवस ताई ओसरीवरून परत आली. धाकटा स्कॅनरची वायर गुंडाळत होता. तिने चप्पलही काढली नाही. म्हणाली, “धाकट्या, हरीण पांढरं पडतंय.”

“छे. धूळ असेल.”

“धूळ नाही. पाणी आहे. तो वाटाड्या रोज फवारा मारतो. लोक आले की म्हणतो, बघा आता हरीण जागं होतं. लोक टाळ्या वाजवतात. पाणी कातळात मुरतं, सुकताना आतले क्षार घेऊन वर येतं. पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरं चढतं ना, तसं चढलंय. मागचे पाय तर धुक्यात गेल्यासारखे दिसतात.”

आता मी जे सांगणार आहे त्याने तुम्ही माझ्यावर रागवाल. मला आनंद झाला. कपाटामागे धुळीत उभी असताना मी मनात म्हटले, जाऊ दे त्याला धुक्यात. चांगले झाले. तो गेला की ओसरीची भिंत कोरी होईल आणि मग आम्ही दोघे सारखे.

धाकट्याने मात्र ऐकून घेतले नाही. “तुला आठवण राहिलीय ती माझ्या फोटोची,” तो म्हणाला. “तो ओल्या भिंतीचा होता, म्हणून भडक होता. कोरडं हरीण तेव्हाही असंच होतं.”

त्याला असे का वाटत होते ते मला कळत होते. पाणी वाईट ठरले असते, तर मुखपृष्ठावरचा त्याचा फोटोही वाईट ठरला असता. आणि त्या फोटोखेरीज त्याच्याजवळ मिरवायला फारसे काही नव्हते.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट पुढे आली. ओसरीपाशी फरसबंदी करायची, बाके टाकायची आणि भिंतीपासून चार पावलांवर पाण्याचा नळ आणायचा, असे ठरत होते. पाहणीसाठी एक अधिकारी बाई येणार होत्या. त्यांची सही झाली की नळ येणार. मग फवाऱ्याला अंतच नव्हता. ताईने त्यांना कळवले की हरीण बिघडते आहे, स्वतः येऊन पाहा. निघायच्या दिवशी तिने आपल्या चित्रांच्या गठ्ठ्यातून एक फोटो काढला. मग कपाटामागे हात घातला आणि मला बाहेर घेतले. ओल्या फडक्याने पुसले. मला वाटले, पाहुणे आले.

ओसरीवर त्या दिवशी चौघे होते. ताई, धाकटा, अधिकारी बाई आणि वाटाड्या. वाटाड्या आता तरुण राहिला नव्हता. त्याच्या कमरेला फवाऱ्याची बाटली लटकत होती.

“मॅडम, नळ झाला तर बरं होईल,” तो म्हणाला. “खालून पाणी वाहून वाहून खांदा गेला माझा. आणि पाण्याशिवाय हरीण दिसत नाही. हरीण दिसलं नाही तर माणसं कशाला चढतील? माझ्या तोंडाकडे बघायला?”

“तुमचं तोंड काही वाईट नाही,” अधिकारी बाई म्हणाल्या. वाटाड्या लाजला. मग त्या ताईकडे वळल्या. “तुम्ही म्हणता चित्र पुसट होतंय. हे तुमचे भाऊ म्हणतात नाही. मी कुणाचं धरू?”

“स्कॅनरच्या मापांत काही फरक नाही,” धाकटा म्हणाला. “रेघ जिथे होती तिथेच आहे.”

“रेघ तिथेच आहे रे. रंग कुठेय?” ताई म्हणाली. “तुझा स्कॅनर कालपरवा आला. त्याने आधीचं हरीण बघितलंय कुठे?”

“मग तूच सांग, कशावरून?”

ताईने पिशवीतून फोटो काढला. तो पुस्तकातला फोटो नव्हता. पहिल्या दिवशीचा कोरडा फोटो होता, बाजूला पडलेला. तो मंद होता म्हणून कुणी छापला नव्हता, आणि छापला नव्हता म्हणून कुणी कापलाही नव्हता. ताईने आपले हरीण त्याच्यावरूनच रंगवले होते. हरीण त्यात पूर्ण होते, मागच्या पायांसकट, आणि त्याच्या शेजारी मीही पूर्ण होते. टोकापासून टोकापर्यंत. मित्रांनो, मी स्वतःला असे पहिल्यांदाच पाहिले.

अधिकारी बाईंनी फोटो भिंतीशी धरला. फोटोतले हरीण लाल होते. भिंतीवरच्या हरणावर कुणी पातळ दूध ओतल्यासारखे दिसत होते.

धाकट्याचा चेहरा उतरला. तरी तो म्हणाला, “जुना फोटो आहे. इतक्या वर्षांत कागदाचा रंगही बदलतो. लालसर होतो.” मग जरा थांबून, हळूच, “ताई, तू हे मुद्दाम करतेस. माझा फोटो चुकीचा ठरावा म्हणून. तुला पहिल्यापासून त्याचा हेवा आहे.”

वाटाड्या दरीकडे पाहू लागला.

“आहे,” ताई म्हणाली. “नाही कशाला म्हणू? लोक तुझं पुस्तक बघायचे आणि मी चहा आणायचे. आतल्या आत जळायची मी. पण धाकट्या, मला हेवा वाटला म्हणून हरीण पांढरं पडत नाही.”

मी तिच्या हातात होते. हे वाक्य माझ्या लाकडात शिरले. मला वाटायचे, जळणारी या ओसरीवर मी एकटीच. आणि मला असेही वाटायचे की ज्याच्या मनात मत्सर आहे त्याच्या साक्षीला काडीची किंमत नाही.

ताईने मला भिंतीशी उभे केले. अगदी त्याच जागी, हरणाच्या पुढच्या पायापाशी. मग अधिकारी बाईंना म्हणाली, “हरणाकडे बघू नका. आधी पट्टीकडे बघा. फोटोतला तिचा लाल आणि हा लाल.”

अधिकारी बाईंनी चष्मा पुसला. फोटो माझ्या टोकाशी, अगदी अंगाला लागेल असा धरला. त्यांचा श्वास मला जाणवत होता. मला भीती वाटली. कपाटामागची ओल, खिडकीतले ऊन, पाहुण्यांच्या पाठी, एवढे सगळे सोसून माझा लाल तसाच राहिला असेल का? मी तर कधी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. आणि तेवढ्यात दुसरा विचार आला, आणि तो मला लाजिरवाणा वाटतो. माझा रंग उडालेला निघाला, तर ताई खोटी पडेल, नळ येईल आणि हरीण जाईल. म्हणजे मी इतकी वर्षे जे मागत होते, तेच होईल.

मग माझ्या मनात आले, नको. त्या मानेची ती रेघ जायला नको. असे मला का वाटले, ते मला आजही धड सांगता येत नाही. ज्याच्याकडे पाहून जन्मभर जळले, तोच नाहीसा झाला तर जळायचे तरी कुणावर, एवढेच असेल कदाचित.

“सारखाच आहे,” अधिकारी बाई म्हणाल्या. त्यांनी फोटो पुन्हा लावून पाहिला. “दोन्ही लाल तंतोतंत सारखे आहेत. म्हणजे कागद बदललेला नाही. बदललंय ते चित्र.”

धाकटा कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिला. हरणाकडे नव्हे, माझ्याकडे. मग तो वाटाड्याजवळ गेला आणि म्हणाला, “बाटली दे.”

“का?”

“मीच शिकवलं होतं ना तुला?”

“तुम्ही कुठे शिकवलं? मी आपलं बघून घेतलं.”

“तेच ते. आता हेही बघून घे.” त्याने बाटलीचे झाकण काढले आणि सगळे पाणी दरीच्या बाजूला, गवतात ओतून दिले.

वाटाड्या रिकाम्या बाटलीकडे पाहत म्हणाला, “आणि लोकांना काय दाखवू?”

“उतरत्या उन्हाचे घेऊन ये त्यांना,” ताई म्हणाली. “तेव्हा ऊन तिरपं आत येतं. हरीण दिसतं. थोडं थांबावं लागतं एवढंच.”

“थांबतायत कुठले. खाली गाडीवाला भोंगा मारत असतो.”

“मग जे थांबतील त्यांना दाखव.”

वाटाड्याला ते फारसे पटले नाही. पुढे काही दिवस माणसे कमी आली आणि तो ताईच्या नावाने बोटे मोडत होता, असे माझ्या कानावर आले. पण नळ आला नाही. भिंतीपुढे लाकडी कठडा आला. चढलेला पांढरा थर मात्र तसाच राहिला. तो खरवडून काढला तर खालचा गेरूही निघेल, असे जाणकार सांगतात. मागचे पाय धुक्यातच राहणार. निदान धुके पुढे तरी सरकू नये, एवढेच आता आमच्या हातात आहे.

त्यासाठी दर वर्षी एकदा हरणाचा फोटो घेतात. त्याच जागेवरून, कोरड्या भिंतीचा. कॅमेरा धाकट्याचा असतो आणि हरणाच्या शेजारी मी. आता मला मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवतात. फोटो आला की सगळे आधी माझ्याकडे पाहतात. वाटाड्यासुद्धा मान पुढे काढून विचारतो, “पट्टी काय म्हणते?”

इतकी वर्षे ज्यासाठी झुरले ते मिळाले, असे तुम्ही म्हणाल. मलाही तसेच वाटले होते. पण आजाऱ्याच्या खोलीत थर्मामीटरकडे सगळे किती आशेने पाहतात, ते तुम्ही पाहिले असेल. थर्मामीटरला बरे आहे का, असे कुणी विचारते का? तसेच माझे. मत्सर गेला असे मी म्हणणार नाही. म्हातारपणी खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, कधी डोंगरात गेलात आणि अशी चित्रे दिसली, तर त्यांच्यावर पाणी मारू नका, हात फिरवू नका, आपली नावे कोरू नका. जे मंद दिसते ते मंदच पाहायला शिका. आणि घरात एखादी जुनी पट्टी असेल, तर तिने पाठ खाजवण्याआधी ती कशाच्या शेजारी उभी राहिली होती, ते एकदा विचारा.

माझ्या लाकडाला आता वाळवीची भोके पडू लागली आहेत. परवा ताई धाकट्याला म्हणत होती, “नवी पट्टी करून घ्यायला हवी. गेरू हिच्या लालशी जुळवून घेऊ.” मामा आता नाहीत. रंग धाकटा स्वतः घोटणार आहे. त्या नव्या पट्टीचे लाकूडही अजून कापलेले नाही, आणि मला तिचा आत्तापासूनच मत्सर वाटतो. ती हरणाजवळ उभी राहील आणि मी पेटीत पडून राहीन.

तरी ती आली, की तिला एक गोष्ट सांगायची आहे. बाई गं, नीट ताठ उभी राहा. आणि बघ, तुझी सावली त्याच्या अंगावर पडू देऊ नकोस.